आठपैकी पाच

निबंधाला आठपैकी पाच गुण देणाऱ्या परीक्षकाला आजवर कोणी जाब विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आठ दिले की नियामक चष्म्यावरून बघत म्हणतात, "काय सर, पोरगं ओळखीचं दिसतंय." दोन दिले की पालक उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतात आणि ती घेऊन गल्लीतल्या प्रत्येक मराठीच्या शिक्षकाकडे जाऊन येतात. पाचाचे तसे नाही. पाचाला कारण लागत नाही. परीक्षकाने निबंध वाचला, असे त्यावरून म्हणता येते आणि वाचला नाही, असे कुणाला सिद्ध करता येत नाही.

दहावीचा मराठीचा पेपर, म्हणजे मंडळाच्या भाषेत कृतिपत्रिका, 80 गुणांची. त्यातले 24 गुण उपयोजित लेखनाचे. पत्राला नाहीतर सारांशाला 6, जाहिरात, बातमी, कथा यांतल्या कोणत्याही दोहोंना मिळून 10 आणि अगदी शेवटी, मुलाची बोटे आणि परीक्षकाची मान दोन्ही आखडलेली असतात तेव्हा, 8 गुणांचा निबंध. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक. तिन्हीतले एक लिहायचे. पत्राचे बरे असते. दिनांक, मायना, विषय, 'आपला विश्वासू' जागच्या जागी आहेत का ते बघायचे आणि खुणा करत खाली उतरायचे. जाहिरातीला मुलाने पट्टीने चौकट आखली की निम्मे गुण त्या चौकटीतच पडतात. निबंधाला मात्र चौकट नाही. तो खरोखर वाचावा लागतो. परीक्षकावर असा प्रसंग एका गठ्ठ्यात किती वेळा यावा, याला काही मर्यादा असायला हवी होती.

आत्मकथन हा आपल्या मुलांचा सर्वांत लाडका प्रकार. महाराष्ट्रात निर्जीव वस्तू जितक्या बोलतात तितक्या जगात कुठे बोलत नसतील. पडका किल्ला बोलतो, फाटके पुस्तक बोलते, आटलेली विहीर बोलते, वठलेला वड तर थांबायलाच तयार नसतो. सगळ्यांची सुरुवात एकच: "थांब मित्रा, घाबरू नकोस, मी बोलतोय!" मग एके काळी आपली कशी चलती होती ते सांगायचे, माणूस कसा स्वार्थी झाला ते सांगायचे आणि शेवटी एक विनंती करायची. किल्ला असो वा कंपासपेटी, आवाज मात्र निवृत्त मुख्याध्यापकाचा. आणि हे सगळे ऐन रंगात आले असताना "इतक्यात आईची हाक ऐकू आली आणि मी भानावर आलो." एका गठ्ठ्यातल्या सगळ्या आया एकाच वेळी हाक मारतात. त्या जरा उशिरा हाक मारतील तर विहिरीचे गाऱ्हाणे तरी पुरते ऐकून होईल.

एका मुलाने रस्त्याचे आत्मकथन लिहिले होते. कुणी झोपले नव्हते, कुणी भानावर आले नव्हते. सरळ सुरुवात: "माझा जन्म मागच्या निवडणुकीच्या आधी झाला. आता मी खूप म्हातारा झालो आहे." पुढे चार ओळींनी: "माझ्या अंगावर खड्डे आहेत. ते मला ठेकेदाराने दिले." निबंध पाऊण पान. मी शेजारच्या परीक्षकांना वाचून दाखवला. ते हसले, चांगले पोट धरून हसले आणि डोळे पुसत म्हणाले, "चार द्या. एवढ्यात म्हातारा का झाला, ते स्पष्ट केलेलं नाही."

प्रसंगलेखनात सर्वांत ओला प्रसंग निरोप समारंभाचा. घंटा व्हायच्या आत दप्तर भरून बसणारी मुले या निबंधात शाळेच्या भिंतींना मिठ्या मारतात. प्रत्येकाच्या डोळ्यांच्या कडा पाणावतात. शिपाईकाकांच्याही पाणावतात. वर्षभर "उद्या पालकांना घेऊन ये" एवढेच बोललेल्या पर्यवेक्षकांनाही तिथे हुंदका अनावर होतो. आणि वैचारिक निबंध म्हणजे 'मोबाइल: शाप की वरदान'. अर्धे पान शाप, अर्धे पान वरदान, शेवटी नाण्याला दोन बाजू असतात. पंधरा वर्षांच्या मुलाचे मोबाइलबद्दल स्वतःचे एखादे मत असेल अशी शंका येऊ नये, इतकी काळजी घेतलेली असते. त्यातून जागा उरलीच, तर "एका थोर विचारवंताने म्हटलेच आहे" असे म्हणून अवतरणचिन्हांत स्वतःचेच एक वाक्य ढकलून द्यायचे. या विचारवंताचे नाव कोणालाच माहीत नाही, पण शिस्त, स्वच्छता, पाणी, वेळ, वाचन आणि वृक्षारोपण अशा सर्व विषयांवर तो बोलून गेला आहे.

आता हे सगळे मुलांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण मुलगा सहावीत असताना "आमच्या घरी रविवारी भांडण असते" असे लिहून आणतो, तेव्हा त्याच्या वहीत लाल शाईने "असे लिहू नये" हा शेरा कोण मारते? आपणच. मग तो दहावीपर्यंत शहाणा होतो आणि त्याच्या घरी रविवारी सोनेरी किरणे पडू लागतात, पक्षी किलबिलाट करू लागतात, बाबा वृत्तपत्र वाचतात, आई गरम पोहे आणते. त्याला सहा.

निबंध कसा तपासतात, हे बाहेरच्या माणसाला सांगू नये अशी आमच्यात रीत आहे. कसोट्या सगळ्यांना पाठ असतात: विषयाची समज, मुद्द्यांचा क्रम, भाषा, शुद्धलेखन. या चार गोष्टी मनात धरून परीक्षक उत्तरपत्रिका उघडतो आणि पहिल्यांदा बघतो ते अक्षर. अक्षर सुंदर असेल तर भाषा आपोआप ओघवती वाटू लागते. मग लांबी. ती डोळ्यांनी मोजतात. पान उलटले की एक गुण वाढतो. मग सुरुवातीची दोन वाक्ये, मग थेट शेवट. मधला मजकूर हा विश्वासाचा भाग. शिवाय गठ्ठ्यातली जागा फार महत्त्वाची. सकाळच्या पहिल्या पेपराला परीक्षक न्यायाधीश असतो, जेवणानंतर तो संत असतो आणि साडेपाचला त्याला घरी जायचे असते. लागोपाठ तीन कोरे पेपर आल्यावर चौथ्याने नुसते 'पाऊस' हे शीर्षक शुद्ध लिहिले, तरी त्याला जवळ घ्यावेसे वाटते.

शुद्धलेखनावर आमची हुकमत मोठी. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 साली मान्य केले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि एकूण नियम झाले 18. ते 18 आहेत, हे प्रत्येक परीक्षकाला ठाऊक असते. त्यापुढची चौकशी शिक्षक-खोलीत कुणी करत नाही, चहा गार होतो. तरी एका बाबतीत आमचे एकमत आहे: 'आणि'ला दीर्घ वेलांटी दिली की लाल गोल. गंमत अशी की शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा मराठीचा सर्वसाधारण नियम. 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद. म्हणजे 'आणी' लिहिणारे पोर नियम पाळत असते. पाळला म्हणून त्याला गोल मिळतो. आयुष्यभर उपयोगी पडेल असे शिक्षण मराठीच्या तासाला मिळते ते असे.

आमच्या शाळेतले गणिताचे सर यावर नेहमी हसतात. "तुमचं काय हो, तुम्ही चार द्या नाहीतर सात द्या. आमच्याकडे उत्तर बारा म्हणजे बारा." हे ते गठ्ठा लवकर संपवून, आमच्या टेबलावर येऊन, आमच्याच डब्यातली चटणी खात म्हणतात. त्यांच्यासाठी मी एक जुनी हकिकत राखून ठेवली आहे. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट नावाच्या दोन संशोधकांनी 1912 साली एका विद्यार्थ्याची इंग्रजीची उत्तरपत्रिका, तीच ती, शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. शंभरपैकी गुण आले 64 पासून 98 पर्यंत. दुसरी एक पाठवली, तिला 50 पासून 97 पर्यंत. भाषेच्या शिक्षकांची छी थू झाली. गणितवाले हसले असतील. म्हणून पुढच्याच वर्षी त्या दोघांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिला कमीत कमी मिळाले 28 आणि जास्तीत जास्त नव्वदच्या वर. कुणी आकृती नीटनेटकी नाही म्हणून गुण कापले, कुणी रीत बरोबर म्हणून बहाल केले. हे ऐकवल्यावर सरांनी चटणी घेणे थांबवले नाही, पण विषय बदलला.

पुढे 1961 मध्ये डीडरिक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याहून मोठा घाट घातला. 300 निबंध घेतले आणि 53 जणांना वाचायला दिले. त्यांत नुसते शिक्षक नव्हते. संपादक, वकील, व्यापारी असे नाना व्यवसायांतले लोक होते. प्रत्येक निबंध नऊ ढिगांपैकी एकात टाकायचा. 300 पैकी 101 निबंध असे निघाले की ज्यांना नऊच्या नऊ श्रेण्या मिळाल्या. तोच निबंध कुणाला सर्वोत्तम वाटला आणि कुणाला केराच्या लायकीचा. पाचांपेक्षा कमी ढिगांत गेला असा एकही निबंध नव्हता. मला यातले काहीच नवल वाटले नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत इतिवृत्तावरसुद्धा एवढीच मते पडतात. नवल हे की आमच्याकडे त्याच 300 निबंधांना सगळ्यांनी पाच दिले असते आणि अहवालात 'परीक्षकांमध्ये विलक्षण एकवाक्यता' अशी नोंद झाली असती.

एकवाक्यता कशी होते ते एकदा अगदी जवळून पाहिले. विषय होता 'मी अनुभवलेला पाऊस'. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बारकोड असतो. पण मजकुरावरून मूल माणदेशातले असावे. सातारा जिल्हा हा तसा पावसाचा शौकीन. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला, माणमध्ये, पाचशेच्या आसपास पोचताना त्याला धाप लागते. गाइडातला पाऊस मात्र राज्यभर महाबळेश्वरचाच पडतो. टपोरे थेंब, मातीचा सुगंध, हिरवा शालू, इंद्रधनुष्य, गरम भजी. त्या मुलाकडे यातले काही नव्हते. त्याने लिहिले होते:

"आभाळ आलं म्हनून आजीने बादल्या भाईर ठेवल्या. पाऊस आला नाई. टँकर आला. आमी सगळे पळालो. पाईपातलं पानी अंगावर उडालं तवा मला पाऊस वाटला. मी नाचलो. आजी म्हनाली नाचू नको, पानी सांडतंय."

अशा अकरा-बारा ओळी. परीक्षकांच्या सभेत तो पेपर टेबलाभोवती फिरला. एका सरांनी दोन दिले: 'पानी' चार वेळा, 'म्हनून', 'भाईर', 'तवा', शुद्धलेखनाचा पत्ता नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, विषय पावसाचा आहे, यात पाऊस आलेलाच नाही, हे विषयांतर. तिसरे म्हणाले, "आलेला नाही, हाच अनुभव ना?" त्यावर बाई म्हणाल्या, "मग शीर्षक 'मी न अनुभवलेला पाऊस' द्यायला हवं होतं." मी आठ म्हणालो. सगळ्यांनी मला ऊन लागल्यासारखे माझ्याकडे पाहिले. नियामकांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या, घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "दोन आणि आठ. मधला काढा." मधला पाच.

त्याच गठ्ठ्यात पुढे भजी आणि इंद्रधनुष्याचा एक निबंध होता, शब्दन् शब्द गाइडातला, एकही वेलांटी चुकलेली नाही. त्याला सात मिळाले. त्यावर सभा भरली नाही.

हल्ली नवे संकट आले आहे म्हणतात. घरी लिहायला दिलेले निबंध मुले चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. आमचे तरुण सहकारी फार अस्वस्थ आहेत. त्या निबंधांत म्हणे प्रत्येक गोष्ट 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', प्रत्येक परिच्छेद एकाच मापाचा असतो, कुठेही माणूस सापडत नाही आणि शेवटी आशावाद असतो. मी म्हटले, अहो, हे तर आपण चाळीस वर्षे शिकवतोय. यंत्राने फक्त वेळ वाचवला. गाइड विकत घ्यावे लागे, पाठ करावे लागे, परीक्षेत आठवावे लागे. त्यात मुलाचे अक्षर तरी सुधारत असे.

यंत्राकडून तपासून घेण्याची कल्पनाही नवी नाही. एलिस पेज या अमेरिकन प्राध्यापकाने 1966 च्या सुमारासच संगणकाला निबंध तपासायला बसवले होते. बिचाऱ्या संगणकाला अर्थ कळत नव्हता. तो निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हे असले मोजता येण्याजोगे काही मोजायचा आणि त्याचे गुण परीक्षकांच्या गुणांशी चांगले जुळायचे. लोकांना यंत्राचे कौतुक वाटले. माझ्या मते त्या प्रयोगाने यंत्राविषयी फारसे काही सिद्ध झाले नाही, परीक्षकांविषयी बरेच झाले. पुढे एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी 2014 च्या सुमारास विद्यार्थ्यांना हाताशी धरून उलटे यंत्र केले. त्याला दोन-तीन शब्द द्यायचे की ते भारदस्त शब्दांचा, व्याकरणशुद्ध आणि संपूर्ण निरर्थक निबंध ओतायचे. तपासणाऱ्या यंत्रांनी त्या निबंधांना उत्तम गुण दिले. हा गृहस्थ आपल्याकडे असता तर दर जूनला त्याच्या दारात प्रकाशकांच्या गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

उद्या मंडळाने उत्तरपत्रिका यंत्राकडे दिल्या, तर माझी तक्रार नाही. यंत्राची मान आखडत नाही, त्याला साडेपाचची एसटी नाही, जेवणानंतर ते संत होत नाही. सोनेरी किरणांना ते हसतमुखाने सात देईल. पण रस्ता म्हातारा का झाला, हे त्यालाही 'स्पष्ट केलेले नाही' असेच वाटेल, आणि टेबलावर कुणाला पोट धरून हसवल्याशिवायच तो निबंध चारावर निघून जाईल. निदान आमच्यातला एक जण डोळे पुसून मग चार देतो.

मुलांना मात्र सगळे कळते. माझ्या वर्गातल्या एका मुलीला विचारले, तू तुझ्या आजीबद्दल इतके छान बोलतेस, मग निबंधात आजी नऊवारी नेसून तुळशीला पाणी घालणारी कशाला? तुझी आजी तर सकाळी ट्रॅकपँट घालून फिरायला जाते आणि दुपारी मोबाइलवर पत्ते खेळते. ती म्हणाली, "सर, ती आजी घरी चालते. पेपरात तुळशीवालीलाच मार्क आहेत." मराठी निबंधाचे मूल्यमापन या विषयावर मी प्रशिक्षण शिबिरांत तासन् तास भाषणे ऐकली आहेत. इतके नेमके कुणी बोलले नाही.

तेव्हा पालकांना एकच सांगणे. निकालानंतर मुलाला निबंधात कमी गुण पडले म्हणून रागावू नका आणि फोटोकॉपी घेऊन गल्लीभर हिंडू नका. पाचाचे कारण कुणालाच सांगता येणार नाही. सात पडले असतील, तर मात्र फोटोकॉपी जरूर मागवा, निबंध शांतपणे वाचा आणि त्यात तुमच्या घरातले कुणी ओळखीचे भेटते का ते बघा.